शेवकरी सर काही मागत नाहीत

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी चुकून शेवकरी सरांच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने मागे कुणीतरी घसा खाकरला. वळून पाहते तर पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ उभे. चौकड्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात स्टीलची बाटली आणि नजर समोरच्या भिंतीवर. मी विचारलं, "काही हवंय का?" तर भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "एक माणूस उभा आहे."

आता यावर काय बोलणार? मी "बरं" म्हटलं आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं. ते तसेच उभे. शेवटी शेजारची मुलगी माझ्या कानाशी लागली, "मॅडम, ती त्यांची खुर्ची आहे." मी ताडकन उठले. "अहो, मग उठा म्हणायचं ना सरळ!" सर शांतपणे बसले, बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खुर्ची मोकळी झालेली आहे."

तर असे आमचे शेवकरी सर. हा माणूस कुणाला 'हे करा', 'ते द्या', 'इकडे या' असं कधी म्हणत नाही. काय झालंय तेवढं जाहीर करतो आणि गप्प राहतो. ज्याच्या कानावर पडेल त्याने काय करायचं ते करावं. एसी वाढला की "गारठा पडलेला आहे." प्रिंटर रिकामा झाला की "कागद संपलेला आहे." रजासुद्धा हा माणूस मागत नाही. "भाच्याचं लग्न ठरलेलं आहे," एवढं मॅनेजरच्या दारात म्हणायचं आणि निघून जायचं. मॅनेजरने समजून घ्यायचं की त्या दिवशी शेवकरी येणार नाहीत.

ऑफिसला याची सवय झाली आहे, बाहेरच्या जगाला कुठली असायला? एकदा आम्ही सगळे जेवायला गेलो. नवीन वेटर वही घेऊन सरांपुढे उभा राहिला. सर म्हणाले, "भूक लागलेली आहे." तो बिचारा "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. रिक्षाचं तर विचारूच नका. वाकडहून पिंपळे सौदागरला त्यांच्या घराकडे निघालो होतो, आम्ही दोघं एकाच रिक्षात. मध्येच सर म्हणाले, "डावीकडचं वळण गेलं." रिक्षावाला म्हणाला, "कुठलं?" सर म्हणाले, "मागचं." तो भडकलाच. "अहो काका, मग आधी सांगायचं ना!" सरांनी त्याला समजावून सांगितलं, "आधी ते गेलेलं नव्हतं." आम्ही थेरगावला वळसा घालून घरी पोचलो.

मला सुरुवातीला वाटलं, माणूस खडूस आहे. मग वाटलं, जरा डोक्यावर पडलेला आहे. खरं कारण कळायला त्यांच्या हाताखाली काम करावं लागलं.

आमची कंपनी वाकडला आहे, छोटीशीच. चाकणच्या कारखान्यांना लागणारी वेब पानं आम्ही बनवतो. कुठली मशीन बंद पडली, किती माल निघाला, कुठल्या शिफ्टला कोण होतं, हे सुपरवायझरने टॅबवर भरायचं. माझं इंजिनिअरिंग झालेलं, लग्नाआधी नोकरीही केलेली. मग ओवी झाली, सासूबाईंचं दुखणं निघालं, आमच्या ह्यांच्या आकुर्डीच्या कारखान्यातल्या फिरत्या शिफ्टा, आणि मी घरी बसले ती बसलेच. ओवी आठवीत गेल्यावर पुन्हा बाहेर पडले. या मधल्या काळात कॉम्प्युटरचं जग इतकं पुढे गेलं होतं की माझं शिक्षण मलाच आजीच्या नऊवारीसारखं वाटायला लागलं. ठिकठिकाणी नकार पचवल्यावर ही एक जागा मिळाली, तीही तीन महिन्यांच्या ट्रायलवर. जमलं तर कायम, नाही तर नमस्कार. आणि खरं सांगते, पुन्हा घरी बसायची वेळ आली असती तर मी वेडी झाले असते. घरकामाचा मला कंटाळा नव्हता. पण 'तुम्ही काय करता?' असं कुणी विचारलं की माझ्याऐवजी आमचे हे उत्तर द्यायचे, त्याचा मला भयंकर राग यायचा.

मॅनेजर निखिल. माझ्याहून लहान, हुशार, आणि कायम कुठेतरी उशीर झाल्यासारखा चालणारा. त्याने मला शेवकरी सरांच्या शेजारी बसवलं आणि म्हणाला, "सर शिकवतील." सर म्हणाले, "शेजारी मॅडम आलेल्या आहेत." झालं शिक्षण सुरू.

आता त्यांनी काय शिकवलं ते सांगते, घाबरू नका, सोपं आहे. वेबवरचं पान एकसंध नसतं. ते वेगवेगळ्या तुकड्यांचं असतं. एक डबा, डब्यात एक यादी, यादीखाली एक बटण. बटण दाबलं की पुढे बरंच काही व्हायचं असतं. माझ्यासारखी नवखी बाई काय करते? बटणालाच सांगते, तू जाऊन त्या यादीत ढवळाढवळ कर, तो डबा मीट, वरचा आकडा बदल. सरांनी माझं पहिलं काम पाहिलं आणि म्हणाले, "बटण लोकांच्या घरात शिरलेलं आहे."

मग खुर्ची वळवून त्यांनी मला त्यांची वस्ती सांगितली. चाकणच्या पलीकडे त्यांच्या लोकांची शेती होती. घरं एकमेकांना लागून नव्हती, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या रानात. सांगताना सरांची भाषा आपोआप तिकडची होते. "आमच्याकडं म्हैस सुटली की ज्यानं बघितलं त्यानं नुसती बोंब मारायची, म्हैस सुटलीऽ! तू धर, तू आडवा जा, आसं कुनी कुनाला सांगत न्हाई. बांधावरचा हाक वर देतो, वरचा त्याच्या वर देतो. ज्याच्या हाताशी काठी हाय त्यो धावतो. ज्याची म्हैस न्हाई त्यो बिडी वढत बसतो. बटनाचं काम तेवढंच. काय झालं त्याची बोंब मारायची. पुढचं वरचा बघंल."

मोठमोठ्या पुस्तकांत याला मोठमोठी नावं आहेत. मला मात्र ते म्हशीमुळे कळलं. तुकड्याने आपली हाक मारायची, ती आतून बाहेर, खालून वर जाते, आणि जो कान देऊन बसलाय तो आपलं काम करतो. नुसती हाक मारून भागत नाही, तिच्यासोबत माहिती पाठवावी लागते. तिला सर 'पुडी' म्हणायचे. "हाक आली, पुडी आलेली नाही," असं म्हणाले की मी समजायचं, कुठली मशीन ते पाठवायचं राहिलं. पानावरचा एखादा तुकडा काढून टाकला तर त्याच्यासाठी लावलेला कानही काढावा लागतो. मी ते विसरायची आणि एकदा दाबलेलं बटण तीन-तीनदा नोंद करायचं. मग शेजारून आवाज यायचा, "घर पाडलेलं आहे, कान भिंतीला राहिलेले आहेत."

पण एक सांगते. त्या तीन महिन्यांत त्या माणसाने एकदाही 'एवढंसुद्धा येत नाही?' म्हटलं नाही. तेच तेच पुन्हा विचारलं तरी बाटलीतलं घोटभर पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. चाळिशीच्या उंबरठ्यावर नव्याने शिकताना अशी माणसं भेटायला नशीब लागतं हो! मी घरी जाऊन ओवीला म्हशीच्या गोष्टी सांगायची आणि ती म्हणायची, "आई, तू नक्की कुठे कामाला जातेस?"

दुपारी डबे उघडले की सरांचा डबा मेसचा. रोज बटाटा. रस्सा बदलायचा, बटाटा तोच. मी एकदा विचारलं, वहिनी नाहीत का? म्हणाले, "मंडळी जर्मनीत गेलेली आहे." मुलगा तिकडे नोकरीला, त्याला बाळ झालं म्हणून सुमनवहिनी गेल्या होत्या. बाळ रांगायला लागलं तरी वहिनींचा पत्ता नव्हता. "मग बोलवून घ्या की!" मी म्हटलं. सर डब्याचं झाकण लावत म्हणाले, "मुलाचा फोन आलेला होता. आईला अजून थोडे दिवस ठेवू का, म्हणत होता." "मग तुम्ही काय म्हणालात?" सर म्हणाले, "इकडं गॅस संपलेला आहे, म्हणालो."

मी कपाळाला हात लावला. जर्मनीत बसलेल्या पोराला गॅस संपल्यावरून काय बोध होणार? त्याने ऑनलाइन सिलिंडर बुक करून दिला.

माझी ट्रायल संपत आली आणि चाकणचं काम आलं. मशीन बंद पडली की सुपरवायझरने टॅबवर एक डबा उघडायचा, यादीतून मशीन निवडायची, कारण लिहायचं आणि सेव्ह करायचं. डबा आणि यादी दोन्ही तुकडे माझे. हाकांची नावं ठेवायचा सरांचा नियम होता की नाव साधं असावं आणि झालेली गोष्ट सांगणारं असावं. मी नियम पाळला. यादी मिटली की तिची हाक 'बंद झालं'. डबा मिटला की त्याची हाक 'बंद झालं'. सरांनी दोन्ही पाहिले आणि म्हणाले, "चांगलं झालेलं आहे." वेगवेगळे चालवून बघितले तेव्हा दोन्ही तुकडे शहाण्या मुलांसारखे वागले. एकात एक बसवले ते अगदी शेवटच्या घाईत.

कारखान्यात निखिल, सर आणि मी. तिथले मोठे साहेब, चार-पाच कामगार आणि सुपरवायझर गव्हाणे मामा. मामांनी डबा उघडला, यादीतून मशीन निवडली, यादी मिटली, आणि अख्खा डबाच गायब! मामांनी पुन्हा उघडला. पुन्हा निवडली. पुन्हा गायब. मामा टॅब उलटासुलटा करून म्हणाले, "मॅडम, ह्यो लाजतोय का काय आमाला?" कामगार खो खो हसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. निखिलचे कान लाल झाले. आणि नेमके तेव्हाच आमचे शेवकरी सर म्हणाले, "डबा बंद झालेला आहे."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या जुन्या चाळीत एखादी बाई खालून "अहो!" म्हणून ओरडली की चार नवरे एकदम गॅलरीत यायचे. तसंच झालं होतं. यादी म्हणाली 'बंद झालं', तिची हाक नेहमीप्रमाणे वर गेली, वाटेत डबा लागला, आणि डब्यावर कान लावून बसलेल्या पानाला वाटलं की डब्यानेच हाक मारली. झालं, त्याने डबा मिटून टाकला. हाक कुणाची हे कुणी विचारलंच नव्हतं. मी तिथेच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला, नावं वेगळी केली आणि पानाला सांगितलं, आधी बघ कोण बोलावतंय, मग ऊठ. मामांचा चहा संपेपर्यंत डबा लाजायचा थांबला. निखिलला मी अहोचं उदाहरण देऊन समजावलं, पण त्याचं लग्न व्हायचं आहे, त्याला काही ते पोचलं नाही. गाडीत बसताना तो एवढंच म्हणाला, "मॅडम, सोमवारी आपण तुमच्या ट्रायलचं बोलू."

तो शनिवार-रविवार कसा गेला ते माझं मलाच माहीत. आमचे हे म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस, नाही तर नाही." मी त्यांच्यावर इतकी खेकसले की ते भाजी आणायला निघून गेले.

सोमवारी काचेच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. निखिल वाईट माणूस नाही. तो अडखळत म्हणाला, "तुमची मेहनत दिसते मॅडम. पण क्लायंटसमोर असं होणं म्हणजे... थोडं कठीण वाटतंय. सर, तुमचं काय मत?"

सर काचेकडे बघत म्हणाले, "डबा बंद झालेला होता. नावांचा नियम माझा होता. दोन्ही तुकडे मी पास केलेले होते. मॅडमनी तिथल्या तिथं दुरुस्त केलेलं आहे."

"ते झालं, सर. पण आता काय करायचं?"

हा प्रश्न शेवकरी सरांना विचारण्यात काही अर्थ नसतो. करायचं काय ते वरचा बघेल, हे त्यांचं ठरलेलं. मी मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं होतं. सरांनी बाटली उचलली, झाकण उघडलं, पाणी न पिताच पुन्हा लावलं. त्यांची मान खाली होती आणि मानेवर घाम आला होता. मग ते म्हणाले, "ह्यांना ठेवा."

निखिलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय, सर?"

"ठेवा म्हणालो ह्यांना. मी मागतोय." आवाज जरा फाटला त्यांचा. "इतकी वर्षं झाली, मी तुमच्याकडं काय मागितलं न्हाई. हे मागतोय. बाई चांगली हाय कामाला."

पगारवाढ, रजा, खिडकीजवळची जागा, काही काही न मागितलेला माणूस समोर घामाघूम होऊन बसला होता. निखिल म्हणाला, "ओके, सर. ठेवू." बस्स. इतकंच लागलं. मी तीन महिने ज्याच्यासाठी जीव टाकत होते, ते अर्ध्या मिनिटात झालं.

मी पँट्रीत जाऊन पोटभर रडले. बाहेर आले तर सर जागेवर बसून कामाला लागलेले. मी म्हटलं, "सर, तुमचे उपकार मी..." तर मला मध्येच तोडून म्हणाले, "गारठा पडलेला आहे." मी मुकाट्याने एसी कमी केला.

पण मी काय तशीच सोडते होय? पुढच्या रविवारी पुरणपोळ्यांचा डबा, कटाची आमटी, ह्यांना आणि ओवीला घेऊन त्यांच्या दारात हजर झाले. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. आत सगळं जिथल्या तिथे, पण सोफ्यावर एकाच कोपऱ्यात खळगा पडलेला. सरांना काय करू नि काय नको असं झालं. ताटं काढली, मग वाट्या कुठे असतात ते आठवेना. सगळी कपाटं उघडून झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभे राहून कुणाला तरी सांगावं तसं म्हणाले, "वाट्या सापडत नाहीत." ऐकायला आम्ही होतो म्हणून बरं. एरवी त्या घरात कोण होतं?

आम्ही जेवायला बसलो आणि जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. सुमनवहिनी, गोल चेहरा, खांद्यावर बाळ. आम्हाला बघून खूश झाल्या. पोळ्या कुणी केल्या, ओवी कितवीत आहे, सगळं विचारून झालं. मग सरांना म्हणाल्या, "हा म्हणतोय, दिवाळी इथंच करून जा. काय करू?"

सर म्हणाले, "कुकरची शिट्टी बिघडलेली आहे."

"मग नवीन घ्या की, चौकात मिळते."

सर पोळी कुस्करत बसले. वहिनी बाळाला थोपटत राहिल्या. बाळ तेवढं मोबाइल धरायला बघत होतं. मला राहवेना. आमच्या ह्यांनी टेबलाखालून पाय दाबला, तरी मी बोललेच. "सर, त्या दिवशी निखिलपाशी माझ्यासाठी मागितलंत. आज तुमच्यासाठी मागा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. हात पुरणाने भरलेला, तो तसाच ताटावर धरलेला. मग मोबाइलकडे वळले.

"सुमन, तू ये आता," ते म्हणाले. "मला करमत न्हाई."

वहिनींनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, पदराने डोळे टिपले.

"अहो, एवढंच म्हणा ना कधीतरी, म्हणून वाट बघत बसले होते मी," त्या म्हणाल्या. "माझी बॅग पुरती उघडलीसुद्धा नाहीये अजून."